वाहत्या पाण्याचे गणित

बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेसारख्या धरणाच्या सांडव्यावरून पाणी उतरू लागले म्हणजे वर नितळ दिसणारी धार खाली पांढरी, फेसाळ होते. वर केवळ पाणी. खाली पाणी आणि हवा यांची गुंतागुंत. पहिला प्रवाह एका अवस्थेचा, दुसरा दोन अवस्थांचा. या दोहोंचे गणित मनुष्याला कसे साधले, हा इतिहास राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच सांगण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रवाहाची समीकरणे जुनीच आहेत. नाव्हिए यांनी १८२२ साली व स्टोक्स यांनी १८४५ साली ती मांडली. अडचण होती ती सोडविण्याची. पहिल्या महायुद्धाच्या काळात रिचर्डसन यांनी प्रदेशाच्या चौकटी पाडून, हवामानाचे सहा तासांचे गणित हाताने केले. उत्तर साफ चुकले. परंतु चौकटींचा मार्ग टिकला.

संगणक आले तरी एक गाठ राहिलीच. वेगाला समीकरण आहे; पाण्याच्या दाबाला मात्र स्वतःचे समीकरण नाही. ती सोडविणाऱ्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सुहास पाटणकर होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील त्यांचे गुरू स्पाल्डिंग यांच्यासह त्यांनी १९७२ साली ‘सिंपल’ ही पद्धती प्रसिद्ध केली. आधी दाबाचा अंदाज करावयाचा, त्यावरून वेग काढावयाचा, आणि प्रत्येक चौकटीत आलेले व गेलेले पाणी जुळते की नाही ते पाहावयाचे. न जुळल्यास त्या तुटीवरून दाब सुधारावयाचा. ओलिताच्या वेळी शेतकरी वाफ्याचे तोंड उघडतो, पाणी पाहतो आणि फावड्याने पुन्हा सारखे करतो, रीत तीच.

दोन अवस्थांसाठी हर्ट व निकोल्स यांनी १९८१ साली एक सोपी युक्ती मांडली. पाण्याने भरलेल्या चौकटीला १, रिकामीला ० आणि मधला आकडा आला की तेथे पाण्याचा पृष्ठभाग.

मात्र हिशेब आपल्याशी जुळला म्हणजे तो नदीशी जुळलाच, असे नव्हे. सांडव्याखाली गावे असतात. संगणकात घातलेला पुराचा आकडाच खोटा असेल, तर उत्तम पद्धतीही खोटेच उत्तर देईल. म्हणून पूर्णा आणि नळगंगा यांच्या पावसाची व पुराची नोंद इमानाने ठेवणारा माणूस या शास्त्राला पाटणकरांइतकाच आवश्यक आहे, असे आम्ही मानतो.