एक खून, ३७ दिवस आणि पहिलं महायुद्ध: युरोपच्या नेत्यांनी नेमकं काय केलं?

२८ जून १९१४. ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज फ्रांझ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी बोस्नियातल्या साराजेव्हो शहरात उघड्या मोटारीतून चालले होते. सकाळीच त्यांच्या गाडीवर एक बॉम्ब फेकला गेला होता. तो मागे घरंगळून फुटला आणि मागच्या गाडीतले अधिकारी जखमी झाले. त्यांना बघायला हॉस्पिटलमध्ये जायचं युवराजांनी ठरवलं. ताफ्याचा मार्ग बदलला, पण हे चालकाला सांगायचं राहून गेलं. चुकीच्या वळणावर त्याने गाडी थांबवली, तिथेच १९ वर्षांचा गाव्ह्रिलो प्रिन्सिप उभा होता. त्याने झाडलेल्या दोन गोळ्यांनी दोघांचाही जीव घेतला.

(प्रिन्सिप तिथे सँडविच घ्यायला थांबला होता, ही सोशल मीडियावर फिरणारी गोष्ट खोटी आहे. युवराजांच्या ठरलेल्या मार्गावर तो मुद्दामच थांबला होता.)

करारांमुळे युद्ध झालं का?

शाळेत आपण शिकतो की युरोप दोन गटांत विभागला होता, एकाने उडी घेतली आणि करारांमुळे बाकीचे ओढले गेले. हे उत्तर अर्धंच आहे. रशियाचा सर्बियाशी संरक्षणाचा कोणताही लेखी करार नव्हता. फ्रान्ससाठी लढायला ब्रिटन कायद्याने बांधील नव्हता. उलट इटली जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या गटात असूनही १९१४ मध्ये बाजूला राहिला. म्हणजे थांबायला जागा होती.

मग झालं काय? प्रिन्सिप बोस्नियन सर्ब होता आणि त्याला शस्त्रं सर्बियातून मिळाली होती. ऑस्ट्रियाचे लष्करप्रमुख कॉनराड फॉन हॉत्झेनडॉर्फ यांना सर्बियाशी युद्ध अनेक वर्षांपासून हवंच होतं, आता निमित्त मिळालं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीचे सम्राट कैसर विल्हेल्म दुसरे यांनी ऑस्ट्रियाला ‘काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत’ असा शब्द दिला. इतिहासकार याला ‘कोरा चेक’ म्हणतात. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत देऊन कडक मागण्या पाठवल्या. सर्बियाने त्यातल्या बहुतेक मान्य केल्या. मात्र, ऑस्ट्रियाचे अधिकारी आपल्या देशात येऊन तपासात भाग घेतील, हे त्यांनी नाकारलं.

२८ जुलैच्या सकाळी कैसरने हे उत्तर वाचलं आणि आता युद्धाचं कारणच उरलं नाही, असा शेरा मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं.

‘विली’ आणि ‘निकी’

कैसर आणि रशियाचे झार निकोलस दुसरे हे नातेवाईक. ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज तर कैसरचे मामेभाऊ आणि झारचे मावसभाऊ. २९ जुलैपासून विल्हेल्म आणि निकोलस एकमेकांना इंग्रजीत तारा पाठवत होते, खाली सही ‘विली’ आणि ‘निकी’. एका तारेनंतर झारनी सैन्याच्या पूर्ण जमवाजमवीचा आदेश मागेही घेतला. दुसऱ्या दिवशी, ३० जुलैला, सेनापतींच्या दबावाखाली तो पुन्हा काढला.

इथून सूत्रं लष्कराच्या वेळापत्रकांकडे गेली. आधी बेल्जियममार्गे फ्रान्सला हरवायचं आणि मग रशियाकडे वळायचं, अशी जर्मनीची योजना होती. १ ऑगस्टला कैसरने फक्त रशियाशी लढता येईल का असं विचारलं, तेव्हा लष्करप्रमुख मोल्टके यांनी योजना बदलणं अशक्य आहे असं सांगितलं. त्याच दिवशी जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारलं, ३ ऑगस्टला फ्रान्सशी. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि ब्रिटनही उतरला. भारताला कोणी विचारलंही नाही. ब्रिटन युद्धात म्हणून भारतही युद्धात.

किंमत कोणी मोजली?

११ नोव्हेंबर १९१८ ला लढाई थांबेपर्यंत सुमारे ९० लाख ते १ कोटी सैनिक मेले होते. १ जुलै १९१६ या एकाच दिवशी, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, ब्रिटिश सैन्याचे १९ हजारांहून अधिक जवान गेले. निर्णय घेणाऱ्यांची घरंही सुटली नाहीत: कॉनराड, जर्मन चान्सलर बेथमान हॉलवेग आणि ब्रिटिश पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ, तिघांनीही रणांगणावर मुलगा गमावला. झारना १९१८ मध्ये कुटुंबासह गोळ्या घालण्यात आल्या. कैसर मात्र नेदरलँड्सला पळून गेले आणि १९४१ पर्यंत जगले.

भारतातून दहा लाखांहून अधिक माणसं परदेशी पाठवली गेली, त्यातली सुमारे ७४ हजार परतली नाहीत. आजच्या इराकमधल्या कुत शहरात मराठा पलटणींचा समावेश असलेली सहावी पुणे डिव्हिजन जवळपास पाच महिने तुर्की वेढ्यात अडकली. अन्न संपत आलं आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यातले हजारो पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत आणि रोगराईने गेले.

युद्धाच्या आकड्यांत सहसा न धरलेला एक हिशेब मुंबईचा आहे. जून १९१८ मध्ये, सैनिकांची ने-आण करणारी जहाजं बंदरात येत असताना, शहरात इन्फ्लुएंझा पसरला. सुरुवातीच्या रुग्णांमध्ये पोलीस शिपाई होते, त्यातला एक गोदीवर ड्युटीला होता. पुढे ही साथ रेल्वेने देशभर गेली आणि भारतात १ कोटीहून अधिक माणसं दगावली.