हौसा पडद्याचा ‘सार्की’ : अली नुहू

नायजेरियाचा चित्रपट म्हटला की लागोस आणि तिथली इंग्रजी-योरुबा ‘नॉलीवूड’ एवढेच नाव डोळ्यांसमोर येते. त्याच देशाच्या उत्तर भागात, कानो या जुन्या व्यापारी शहरात, हौसा भाषेची स्वतंत्र चित्रपटसृष्टी उभी आहे, याची बाहेर फारशी दखल घेतली जात नाही. वास्तविक तिचे ‘कन्नीवूड’ हे नाव ‘नॉलीवूड’पेक्षा जुने आहे. कानोतील एका चित्रपटविषयक मासिकाने १९९९ मध्ये ते प्रथम वापरले. त्याच वर्षी ‘अबिन सिर्री ने’ या चित्रपटातून अली नुहू नावाचा पंचविशीतला तरुण पडद्यावर आला. पुढे याच तरुणाला चाहते ‘सार्की’ म्हणू लागले. हौसा भाषेत सार्की म्हणजे राजा.

अली नुहू मोहम्मद यांचा जन्म १५ मार्च १९७४ रोजी बोर्नो प्रांतातील मैदुगुरी येथे झाला. वडिलांचे मूळ गोम्बे भागातले, आईचे बोर्नोमधले. म्हणजे कानो हे या घराण्याचे पिढीजात गाव नव्हे. बालपण जॉस आणि कानो येथे गेले, जॉस विद्यापीठातून त्यांनी भूगोलाची पदवी घेतली आणि पदवीधरांना सक्तीची असलेली वर्षभराची राष्ट्रसेवा नैर्ऋत्येकडील योरुबाभाषक इबादान शहरात पूर्ण केली. देशाच्या दोन टोकांशी तरुणपणीच आलेला हा संबंध पुढे त्यांच्या कारकिर्दीत उपयोगी पडला.

नुहू यांची लोकप्रियता समजून घ्यायची तर कानोच्या प्रेक्षकाची आवड आधी पाहावी लागते, आणि ती आवड मुंबईत घडलेली आहे. लेबनीज व्यापाऱ्यांनी आणलेले हिंदी चित्रपट १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून उत्तर नायजेरियात येऊ लागले. मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ तिथे कित्येक दशके पुनःपुन्हा दाखवला गेला. भाषा कळत नसतानाही प्रेक्षकांना संवाद पाठ असत. एकत्र कुटुंब, वडीलधाऱ्यांचा धाक, ठरवलेले लग्न आणि मनातले प्रेम यांतली ओढाताण, नायिकेच्या डोक्यावरचा पदर, या साऱ्यात हौसा मुस्लिम समाजाला आपले घर दिसले. हॉलिवूडमध्ये ते कधी दिसले नव्हते. हिंदी चाली तर इतक्या रुजल्या की कानोतील काही सुफी गायक त्या चालींवर पैगंबरांची स्तुतिगीते रचून गाऊ लागले!

कानोच्या ‘तुंबिन गिवा’ या नाट्यमंडळाने १९९० मध्ये ‘तुर्मिन दान्या’ हा व्हिडिओपट काढला आणि हौसा व्हिडिओ चित्रपटांची वाट मोकळी झाली. कॅमेरा व्हीएचएस, कलाकार हौशी, विक्री बाजारातल्या कॅसेटच्या दुकानांतून, असा हा घरगुती मामला होता. त्याचा मोठा धंदा झाला तो गाण्यांमुळे. अली नुहू यांना घराघरांत पोहोचवणारा ‘संगाया’ हा याच काळातला चित्रपट. सिंथेसायझरवर बांधलेले संगीत, पार्श्वगायकांचे आवाज, नायक-नायिकेने ओठ हलवत समोरासमोर नाचणे; मात्र एकमेकांना स्पर्श करायचा नाही. हिंदी कथानके थेट उचलण्याचाही काही काळ सपाटा लागला. ‘ताल’वरून बेतलेला ‘खुसुफी’ हे त्याचे एक उदाहरण. नुहू यांच्या नायकाची घडण या मुशीतली आहे. नीटनेटका पोशाख, शहरी अदब, हळवेपणा ही त्याची लक्षणे. एका नक्कलप्रधान लाटेत उगवलेला हा नट लाट ओसरल्यावरही टिकला, याचे श्रेय मात्र त्याच्या मेहनतीला द्यावे लागेल. ‘एफकेडी प्रॉडक्शन्स’ ही स्वतःची निर्मितीसंस्था काढून त्यांनी दिग्दर्शनही हाती घेतले. ‘मन्सूर’ (२०१७) हा त्यांच्या दिग्दर्शनाचा उल्लेखनीय नमुना.

या यशाला कायम एक टांगती तलवार होती. कानो प्रांतात २००० मध्ये शरियत कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि तेथील चित्रीकरण काही काळ थांबले. पाठोपाठ २००१ मध्ये प्रांताचे स्वतंत्र सेन्सॉर मंडळ स्थापन झाले. धर्मगुरूंचा मुख्य आक्षेप स्त्री-पुरुषांच्या एकत्र नाचगाण्यावर आणि परक्या, म्हणजेच भारतीय, चालीरीतींच्या अनुकरणावर होता. गंमत अशी की, आक्षेप घेणाऱ्यांच्या घरातही हेच चित्रपट पाहिले जात. ऑगस्ट २००७ मध्ये एका अभिनेत्रीची खासगी ध्वनिचित्रफीत बाहेर आल्यावर चित्रपटनिर्मितीवर अनेक महिन्यांची बंदी आली. काही कलाकारांना तुरुंग पाहावा लागला, अनेकांनी शेजारच्या कादुनाची वाट धरली. कानोजवळ चित्रनगरी उभारण्याचा केंद्र सरकारचा प्रस्तावही २०१६ मध्ये धर्मगुरूंच्या विरोधामुळे मागे घेण्यात आला. ज्या समाजाने डोक्यावर घेतले, त्याच समाजापुढे आपण मनोरंजनाबरोबर प्रबोधनही करतो, हे कन्नीवूडच्या कलाकारांना सतत पटवून द्यावे लागले आहे.

अशा वातावरणात नुहू यांनी दक्षिणेकडेही पाय रोवला. इझू ओजुक्वू यांच्या ‘सितांडा’ या इंग्रजी चित्रपटासाठी २००७ च्या आफ्रिका मूव्ही अकॅडमी सोहळ्यात त्यांना होतकरू अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. हौसा प्रेक्षकांचा हा नायक तेव्हा आठ वर्षे कॅमेऱ्यासमोर होता! एकाच देशातील दोन चित्रसृष्टींतले अंतर या एका पुरस्काराने जितके उघड केले, तितके क्वचितच कशाने केले असेल. त्यानंतर ‘लास्ट फ्लाइट टू अबुजा’ (२०१२), केनेथ ग्यांग यांचे ‘ब्लड अँड हेना’ (२०१२) आणि ‘कन्फ्यूजन ना वा’ (२०१३), पुढे ‘ओजुकोकोरो’ (२०१६) असे चित्रपट त्यांच्या नावावर जमा झाले. त्यांपैकी ‘ब्लड अँड हेना’ची पार्श्वभूमी १९९६ मधील कानोतील मेंदूज्वराच्या साथीची आणि त्या वेळी मुलांवर झालेल्या औषधचाचणीची आहे. उत्तरेची ही भळभळती जखम पडद्यावर आणणाऱ्या चित्रपटात नुहू असणे स्वाभाविकच होते. इंग्रजी चित्रपट मिळू लागल्यावर हौसा सोडून जाण्याचा मोह त्यांना सहज झाला असता. तसे घडले नाही; हौसा चित्रपटांचा त्यांचा रतीब चालूच राहिला.

दरम्यान व्हीएचएस गेली, व्हीसीडी आणि डीव्हीडी आल्या. नक्कल प्रतींनी निर्मात्यांचे कंबरडे मोडले. अलीकडच्या वर्षांत दूरचित्रवाहिन्या आणि यूट्यूबवरील हौसा मालिकांनी या व्यवसायाला नवा आधार दिला असून, नुहू यांनीही त्या माध्यमात पदार्पण केले. मुलगा अहमद हाही बालकलाकार म्हणून हौसा पडद्यावर झळकला.

जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी अली नुहू यांची नायजेरियन फिल्म कॉर्पोरेशनच्या व्यवस्थापकीय संचालकपदी नियुक्ती केली. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी महामंडळाचे मुख्यालय जॉस येथे आहे. नुहू यांनी भूगोलाची पदवी घेतली ते हेच शहर. देशाची राष्ट्रीय चित्रपटसंस्था आणि चित्रफितींचे अभिलेखागारही या महामंडळाच्या अखत्यारीत येतात. कॅसेटच्या दुकानांतून विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या किती हौसा चित्रपटांना त्या अभिलेखागारात जागा मिळते, याकडे आता कानोतील जुन्या निर्मात्यांचे लक्ष असणार.