पटल-प्रथिनांचे सौम्य निष्कर्षण

पेशीपटलात रुतलेली प्रथिने घडी न मोडता पाण्यात उतरवण्याची पद्धत. डिटर्जंटच्या रेणूंची जलविरोधी शेपटे प्रथिनाच्या मेदस्नेही भागाला वेढून मेदाची जागा घेतात. एसडीएस हे तीव्र डिटर्जंट प्रथिन उलगडून टाकते, म्हणून डोडेसिल माल्टोसाइड किंवा डिजिटोनिन ही सौम्य डिटर्जंटे वापरतात. ट्रायटन एक्स-१०० स्वस्त, पण २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषून प्रथिनाचे मापन बिघडवते. पटले १% डोडेसिल माल्टोसाइडमध्ये ४° से. तापमानाला हळू ढवळून सुमारे १,००,००० जी बलाने फिरवतात. वरच्या द्रवात राहिले ते विरघळले. पुढे शुद्धीकरणात डोडेसिल माल्टोसाइडचे प्रमाण सुमारे ०.००९% या क्रांतिक संहतीखाली (जिच्याखाली डिटर्जंटचे रेणू पुंज बांधत नाहीत) गेले, तर प्रथिनाचा साका होतो. कसोटीची जागा हीच. अशाच निष्कर्षणाच्या आधारे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील जानेश कुमार यांच्या गटाने २०२० मध्ये मेंदूतील ग्लूडी१ या पटल-प्रथिनाची रचना उलगडली.