शिलेदार जातो तेव्हा

आम्हां जुन्नरकरांच्या अंगणात दिवाळीला मुले मातीची शिवनेरी उभारतात. त्या किल्ल्यापाशी मला नेहमी आठवतात ते जिजाबाईंचे वडील, सिंदखेडचे लखुजी जाधवराव.

बारगिराचे घोडे सरकारी. शिलेदाराचे घोडे नि हत्यार स्वतःचे. म्हणून चाकरी कोणाची करायची, हेही पुष्कळदा तोच ठरवी. आपण त्याला फितुरी म्हणतो. त्या काळी तो रिवाजच होता.

लखुजी निजामशाहीचे जुने, मातब्बर सरदार. १६२१ साली ते मोगलांकडे गेले. असा सरदार एकटा जात नाही. मुलगे, भाऊबंद, घोडदळ, सारेच बरोबर जाते. १६२४ साली भातवडीला सासरा मोगलांकडे, तर जावई शहाजीराजे निजामशाहीकडे! तरीही मलिक अंबरने लढाई जिंकली. राज्याने तो घाव सोसला.

अंबर १६२६ त वारला. पुढे लखुजी पुन्हा निजामशाहीकडे वळले. पण २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस दरबारात मुलांसह त्यांची हत्या झाली. गेलेला सरदार परत येऊ शकतो, मारलेला येत नाही. आणि उरलेल्यांचा विश्वासही उडतो. शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. १६३६ त ती बुडाली.

माहेरावर हा घाला पडला तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवराय जन्मले. मोठेपणी याच नातवाने शिलेदारांपेक्षा सरकारी पागेवर भर दिला. आजोबांची कहाणी त्याने आईच्याच तोंडून ऐकली असेल, असे मला वाटते.