खतामागचं कर्ज : घराचा हप्ता, सरकारी मदत आणि न्याय

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "सर, करोनात मी पोटाला चिमटा घेऊन घराचे सगळे हप्ते भरले. ज्यांनी भरले नाहीत त्यांना सरकारने सवलत दिली. मग मी प्रामाणिक राहिलो हा माझा गुन्हा का?" प्रश्न साधा नाही. कर्जमाफीचा विषय निघाला की हाच प्रश्न निघतो. आजचं व्याख्यान त्याच्यावरच आहे. पण उत्तराकडे जायचं तर मला तुम्हाला आधी जवळजवळ दीडशे वर्षं मागे न्यावं लागेल. कारण हा वाद आपल्या सोलापूर जिल्ह्यात एकदा कायद्याच्या पातळीवर लढला गेलेला आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे इथे आठवड्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. दक्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत वाचतो ते हेच. या दंग्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी होती. लोकांना माणसं मारायची नव्हती, त्यांना कागद हवे होते. खतं, रोखे, गहाणखतं. मिळाली की जाळायची. अडाणी माणसाला हे नेमकं कळलं होतं की आपलं मरण सावकाराच्या तिजोरीत नाही, त्याच्या दप्तरात आहे. कारण इंग्रजांचं कोर्ट कागद बघत असे. पन्नास रुपये घेतले, शंभराच्या खतावर अंगठा दिला, दोन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून दोनशेचं नवं खत झालं. कोर्टापुढे आलं की कर्ज दोनशेच! अंगठा तुझा आहे ना? मग झालं.

सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७८ मध्ये अहवाल आला. मधल्या काळात १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला, त्यात सोलापूर होरपळून निघालं. आणि १८७९ मध्ये दक्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो सुरुवातीला चारच जिल्ह्यांना लागू होता : पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर.

आता या कायद्यात सरकारने काय केलं ते नीट बघा. तिजोरीतून एक पैसा दिला नाही. सरसकट कर्ज माफही केलं नाही. न्यायाधीशाला सांगितलं, की तू खतावर थांबू नकोस, खताच्या मागे जा. व्यवहार पहिल्या दिवसापासून उकल. हातात खरोखर किती पैसे पडले ते शोध. मुद्दलाचा हिशेब वेगळा मांड, व्याजाचा वेगळा मांड, आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालून फुगवलेलं असेल तर तसं करणं वाजवी होतं असं तुला वाटल्याखेरीज ते धरू नकोस. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. हप्ते बांधून देण्याची मुभा दिली. कोर्टात जाण्याआधी तडजोड करून देणारे लोक नेमले.

व्याजाला मर्यादा असावी हा विचार काही साहेबाने आणलेला नव्हता, बरं का. आपल्याकडे दामदुपट होतीच. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, हा धर्मशास्त्रातला जुना नियम, आणि मुंबई इलाख्यातली कोर्टं तो मानत. आपल्या आज्यांना तो शब्द ठाऊक होता.

ॲरिस्टॉटलने म्हटलं आहे की कायदा सर्वसाधारण शब्दांत बोलतो आणि आयुष्य तर एकेका माणसाचं असतं. तेव्हा कायदा जिथे कमी पडतो तिथे प्रसंग बघून तो दुरुस्त करणं हाही न्यायच आहे, दयेचा भाग नव्हे. १८७९ च्या न्यायाधीशाकडून हीच अपेक्षा होती. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केलं आहे. गावोगावची कोर्टं तपासत हिंडलेला माणूस तो, त्यांना त्यातलं बरंवाईट दोन्ही दिसलं होतं.

वाईट काय? सावकाराने हात आखडता घेतला. काहींनी गहाणखत करणंच सोडलं आणि सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. म्हणजे जमीन परत मिळण्याची आशाही गेली. रानडे आणि वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती, ती लंडनमध्ये अडली. आणि दुसरी गोष्ट, कायदा होता शेतकऱ्यांचा. शहरात हातमागावर बसणारा विणकर त्याच सावकाराचा ऋणको, पण त्याला हे संरक्षण नाही. त्यामुळे कोर्टात आधी वाद कशाचा, तर हा मनुष्य शेतकरी आहे की नाही याचा! मदत द्यायची म्हटली की रेघ कुठे ओढायची हा प्रश्न येतोच, आणि रेघेच्या पलीकडे कुणीतरी राहतोच.

आता २०२० मध्ये या. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्ते तीन महिने लांबणीवर टाकायची परवानगी दिली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं. ते मुद्दलात मिळत होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की एकूण दोन कोटी रुपयांपर्यंत कर्ज असणाऱ्यांना सहा महिन्यांचं चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक सरकार देईल.

आमच्या श्रोत्यांच्या शंकेचं पहिलं उत्तर इथेच आहे. तो फरक हप्ते भरणाऱ्यालाही मिळाला होता! सवलत घेतली असो वा नसो, सर्वांना. त्यांच्या खात्यात जमा झाला असणार, त्यांच्या लक्षात आला नसेल. का नाही आला? गणित करू. वीस लाखांचं कर्ज, आठ टक्के व्याज. सहा महिन्यांचं सरळ व्याज ऐंशी हजार. दरमहा चक्रवाढ धरली तर ८१,३४५. फरक १,३४५ रुपये. पाच लाख कर्ज असेल तर सुमारे ३३६ रुपये. आणि दोन कोटी असेल तर साडेतेरा हजारांच्या आसपास.

म्हणजे ज्याचं कर्ज मोठं त्याला मदत मोठी, मग त्याचा पगार चालू असो वा बंद. आणि अट काय? २९ फेब्रुवारी २०२० रोजी खातं थकीत नसावं. जो करोनाच्या आधीच बुडालेला होता तो बाहेर. आता तुम्हीच सांगा, प्रामाणिक माणसाची तक्रार इथे कुणाविरुद्ध असायला हवी?

आणि ज्याने खरोखर सहा हप्ते थांबवले त्याचं काय झालं? त्याच वीस लाखांच्या, वीस वर्षांच्या कर्जाच्या अगदी आरंभी त्याने सहा महिने काही भरलं नाही आणि नंतर तोच १६,७२९ रुपयांचा हप्ता चालू ठेवला असं धरा. मला हिशेब करताना वाटलं, सहा हप्ते वाढतील, फार तर आठ. वाढतात सव्वीस. दोनशे चाळीसऐवजी दोनशे सहासष्ट. त्यात कुणी लबाडी केलेली नाही, वीस वर्षांचं व्याज असंच चालतं. पण "त्यांना फुकट मिळालं" असं म्हणण्याआधी हे सव्वीस हप्ते मोजावेत.

मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांचं चक्रवाढ व्याज दोन कोटींची मर्यादा न ठेवता सर्वांचं रद्द केलं. पूर्ण व्याजमाफी मात्र नाकारली, कारण बँकेला ठेवीदारांना व्याज द्यायचं असतं. हे मला पटतं. आपल्यासारखे निवृत्त लोक मुदत ठेवीच्या व्याजावर जगतात. कर्जदाराचं सगळं व्याज पुसायचं तर ते कुणाच्या तरी ताटातून जाणार.

अमेरिकेत १९३३ साली मंदीत सरकारने एक महामंडळ काढून सुमारे दहा लाख घरांची गहाणं आपल्याकडे घेतली आणि लांब मुदतीने, कमी व्याजाने नवी कर्जं बांधून दिली. माफी नाही, मुदत. तरीही त्यातली जवळपास पाचात एक घरं गेलीच. पण बाकीची राहिली, आणि १९५१ मध्ये ते महामंडळ थोड्या नफ्यात बंद झालं. हप्ते भरणाऱ्या शेजाऱ्याच्या खिशाला चाट बसली नाही.

आपल्याकडची मदत कुठे जाते? घर घेताना. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत घरकर्जाच्या दोन लाखांपर्यंतच्या व्याजावर वजावट मिळते. तीस टक्के कर भरणाऱ्याचे त्यात साठ हजार वाचतात. ज्याला कर लागतच नाही त्या विडी कामगार बाईचे शून्य. पंतप्रधान आवास योजनेत व्याजाला अनुदान होतं, २०१७ पासून ते वर्षाला अठरा लाख उत्पन्न असणाऱ्यांपर्यंत गेलं. पण त्यासाठी आधी बँकेने कर्ज द्यायला हवं. पगाराची पावती नसलेल्याला बँक दारात तरी उभं करते का? म्हणून आपल्या कुंभारीत कामगारांना संघटना करून, वर्षानुवर्षं मोर्चे काढून घरं मिळवावी लागली. विडी कामगारांची दहा हजार घरं २००६ मध्ये, आणि रे नगरच्या तीस हजारांपैकी पहिली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये.

एकदा घरात शिरल्यावर मात्र मदत संपते. यंत्रमाग बंद पडला, घरात आजारपण आलं, नव्वद दिवस हप्ता थकला की खातं थकीत. मग २००२ च्या कायद्याप्रमाणे साठ दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर बँक कोर्टाची पायरी न चढता घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. दाद मागायची तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे. दिवाणी न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. त्या न्यायाधिकरणापुढे प्रश्न येतो तो बँकेने नियम पाळले का, नोटीस बरोबर होती का, हा. हा माणूस का थकला, त्याला वर्षभर मुदत दिली तर तो उभा राहील का, हे विचारणं तिथे कुणाचं काम नाही. १८७९ मध्ये याच जिल्ह्यात एक न्यायाधीश खत बाजूला ठेवून शेतकऱ्याला विचारत होता, "तुझ्या हातात नक्की किती पडले?"