गोबर गॅसवर जनरेटर : इंजिनाआधी गॅसचा हिशेब

वीज गेली की दूध काढणी यंत्र, दुधाचा कूलर आणि घरातील दिवे एकदमच बंद पडतात. त्यासाठी अनेक दुग्ध उत्पादक डिझेल जनरेटर ठेवतात. गोठ्याशेजारी गोबर गॅस संयंत्र असेल, तर हाच जनरेटर गॅसवर चालवून डिझेल वाचवता येते. मात्र इंजिनात बदल करण्यापूर्वी रोज किती गॅस शिल्लक राहतो आणि त्यातला किती साठतो, हे तपासावे. बदलाचा खर्च वसूल होईल की नाही, हे त्यावरच ठरते.

गॅसचे स्वरूप

गोबर गॅसमध्ये साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड, शिवाय पाण्याची वाफ आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. एक घनमीटर गॅस सुमारे अर्धा लिटर डिझेलचे काम करतो. एलपीजीप्रमाणे तो दाब देऊन द्रवरूपात सिलिंडरमध्ये भरता येत नाही. त्यामुळे त्याला जागा खूप लागते.

१० जनावरांच्या गोठ्याचा हिशेब

- गोठ्यात बांधलेल्या जनावरांचे शेण, प्रत्येकी १२ किलो धरल्यास : रोज १२० किलो
- २५ किलो ताज्या शेणापासून सुमारे १ घनमीटर गॅस, म्हणजे : रोज ४.८ घनमीटर
- सहा माणसांचा स्वयंपाक, प्रत्येकी ०.३ घनमीटर : १.८ घनमीटर
- जनरेटरसाठी शिल्लक : ३ घनमीटर

इंजिनाला प्रति अश्वशक्ती प्रति तास साधारण ०.४५ घनमीटर गॅस लागतो. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला सव्वादोन घनमीटर गॅस घेते. म्हणजे शिल्लक गॅसवर ते सव्वा तासाच्या आसपास चालेल आणि सव्वा ते दीड लिटर डिझेल वाचेल. थंडीत गॅसनिर्मिती बरीच घटते, म्हणून हिशेब हिवाळ्यातील उत्पादनावर करावा.

साठवण ही खरी अडचण

गॅस रोज तयार होतो, वीज मात्र सांगून जात नाही. तरंगत्या टाकीच्या किंवा दीनबंधू संयंत्रात दिवसभराच्या उत्पादनाचा काही भागच साठतो. टाकी भरल्यावर जादा गॅस बाहेर निघून जातो. आठ दिवस वीज गेली नाही, म्हणून आठ दिवसांचा गॅस जमा होत नाही. शिवाय वीज सायंकाळी गेली, तर त्याच वेळी चुलीलाही गॅस हवा असतो. साठवण वाढवायची असल्यास गॅसचा फुगा बसवता येतो. तो सावलीत, उंदीर आणि काटेरी कुंपणापासून दूर ठेवावा.

म्हणून ज्यांच्याकडे रोज ठरावीक वेळी वीज नसते, किंवा त्याच इंजिनावर कडबाकुट्टी अथवा पाण्याचा पंप रोज चालतो, त्यांना हा बदल परवडतो. महिन्यातून दोन-चार वेळाच जनरेटर लागत असेल, तर तो डिझेलवरच ठेवावा आणि गॅस स्वयंपाकाला वापरावा.

इंजिनातील बदल

गोबर गॅस केवळ दाबाने पेट घेत नाही. त्यामुळे डिझेल इंजिन पूर्णपणे गॅसवर चालत नाही. हवा फिल्टर आणि इंजिन यांच्यामधील नळीत गॅस मिसळणारा मिक्सर बसवतात आणि ठिणगीचे काम थोडे डिझेल करते. योग्य जुळणी झाल्यास सुमारे ८० टक्के डिझेल वाचते, २० टक्के लागतेच. जनरेटरची टाकी त्यामुळे कधीही रिकामी ठेवू नये. स्पार्क प्लग असलेले पेट्रोल इंजिन पूर्ण गॅसवर चालते, पण त्याची ताकद २० ते ३० टक्के कमी होते. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट घेते, हे लक्षात घेऊन भार ठरवावा.

गॅस स्वच्छ करणे

हायड्रोजन सल्फाइड तांबे-पितळेचे भाग व बेअरिंग खातो आणि इंजिन ऑइल लवकर खराब करतो. गॅसच्या वाटेवर गंजलेल्या लोखंडी किसाचा डबा बसवावा. वापरलेला कीस हवा लागल्यावर तापतो. म्हणून तो कडब्याच्या गंजीपासून दूर, पाणी शिंपडून मोकळा करावा. पाइपला उतार देऊन सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी काढण्याची तोटी ठेवावी. चुलीवर ज्योत निळी व स्थिर जळत नसेल, तर तो गॅस इंजिनाला देऊ नये.

चालवण्याची पद्धत

१. इंजिन डिझेलवर सुरू करून पाच मिनिटे तापू द्यावे, मग भार द्यावा.
२. गॅसचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. गव्हर्नर डिझेल आपोआप कमी करतो.
३. इंजिन ठोके देऊ लागले किंवा वेग कमी-जास्त झाला, तर गॅस कमी करावा.
४. बंद करताना आधी गॅस बंद करावा, काही मिनिटे डिझेलवर चालवावे, मग इंजिन थांबवावे.

सुरक्षितता

- घरगुती एलपीजी सिलिंडर जनरेटरला जोडणे बेकायदा आणि धोकादायक आहे. गोबर गॅसचा मिक्सर एलपीजीला चालत नाही.
- गॅसच्या नळीत ज्वालारोधक जाळी बसवावी. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी पेटवून नव्हे.
- जनरेटर बंद खोलीत चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.
- चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडू नये. उलटा गेलेला प्रवाह खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेततो. जोडणी व अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.
- दुरुस्तीसाठी संयंत्राच्या टाकीत कोणीही उतरू नये. आतील विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.