बावीस कोटींच्या पाऊलखुणा

वर्गात सिद्धांतशिरोमणीचा उल्लेख आला की आपण 'लीलावती'तील भुंगे, हंस आणि कमळे यांच्यापाशी थांबतो; 'बीजगणित' हा त्याचाच दुसरा भाग साहित्याच्या अभ्यासकाच्या हाती सहसा येत नाही. त्यातील एकाच उदाहरणाकडे आम्ही येथे लक्ष वेधू इच्छितो.

प्रश्न साधा दिसतो. कोणत्या पूर्णांकाच्या वर्गाला 61 ने गुणून त्यात 1 मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो? 60 किंवा 62 साठी उत्तर चटकन सापडते (60 ला 4 आणि 31, 62 ला 8 आणि 63). मात्र 61 ला लहानात लहान उत्तर 22,61,53,980 हे आहे आणि ज्येष्ठ मूळ 1,76,63,19,049. एकेक संख्या घेऊन तपासत जाणाऱ्याने बावीस कोटींवर खेपा घालाव्यात, तेव्हा कुठे ते गवसावे!

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ते चक्रवाल पद्धतीने मिळवले. आठाचा वर्ग 61 पटीपेक्षा 3 ने अधिक, येथून आरंभ. चक्राचा एक फेरा, आणि हाती 39 व 5 येतात: 1521 उणे 1525, म्हणजे क्षेप उणे 4. पुढे ब्रह्मगुप्ताची भावना (628). तिने 29,718 व 3,805 ही जोडी सापडते. येथे क्षेप उणे 1 असतो. या जोडीची स्वतःशीच भावना केली की उत्तर पुढ्यात. एवढ्या थोड्या पायऱ्यांत एवढी मोठी संख्या! चक्रवालाचे श्रेय मात्र एकट्या भास्कराचार्यांचे नव्हे. 1073 च्या एका टीकेत जयदेवाची पद्धत उद्धृत आहे, हे अभिमानाच्या भरात विसरले जाते.

फेब्रुवारी 1657 मध्ये फर्माने फ्रेनिकलला 61 आणि 109 यांचेच प्रश्न घातले, तेही फार त्रास होऊ नये म्हणून लहान संख्या निवडल्याच्या मिस्कील सुरात. त्याला भास्कराचार्य ठाऊक असण्याचा पुरावा नाही. 61 हीच संख्या दोघांनी निवडली, कारण ती लहान असून अवघड आहे, असे आम्हास वाटते. ब्रंकरने रीत शोधली, ऑयलरने तिला पेलचे नाव दिले, आणि पेलचा तिच्याशी फारसा संबंध नसूनही ते चिकटले. उत्तर सदैव सापडतेच, ही सिद्धता प्रथम लग्रांजने अठराव्या शतकात दिली. कोलब्रुकचा इंग्रजी अनुवाद 1817 चा, म्हणजे युरोपला चक्रवालाचा परिचय झाला तोवर प्रश्न मिटला होता.

चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात (1207 च्या सुमाराचा) भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्याचा बराच भाग संस्कृतात आहे; पण मठाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा, बाजारातील मालावरील कराचा तपशील मराठीत आहे, आणि प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या अभ्यासात आपण तो भाषेसाठी वाचत आलो आहोत.